भाच्याचे दोन्ही जबडे फुगलेत, दुखत काहीच नाही. चेरुबिझमच आहे हे पक्कं कसं करायचं?

मामा_वसमत

नमस्कार मंडळी. मी हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. भाच्याबद्दल विचारायलोय. चेरुबिझम म्हणजे लहानपणी जबड्याचं हाड फुगवणारा आजार, एवढंच आम्हाला कळलंय. सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवटच येतं.

लेकरू साडेपाच वर्षांचं आहे. तिसरं सरलं तेव्हापासून त्याच्या जबड्याचे कोपरे, कानाच्या पाळीखाली, दोन्हीकडं भरायला लागले. आधी सगळे म्हणायचे, बाळसं आहे. मग कुणी म्हणालं गालफुगी, म्हणून लेप झाले. पण गालफुगीत ताप येतो, लेकरू गिळताना रडतं आणि आठ-दहा दिवसांत सूज वसरते. इथं ताप नाही, लाली नाही, दुखणं नाही. दाबलं तर मऊ लागत नाही, हाडच रुंद झाल्यासारखं टणक लागतं. दोन्ही बाजू अगदी सारख्या.

जबड्याखाली गाठीही लागायच्या, आणि तिथून आमची फरफट सुरू झाली. तालुक्याच्या एका दवाखान्यात गाठी चाचपून थेट टीबीची औषधं चालू केली. सुईनं तपासणी नाही, छातीचा फोटो नाही. औषधानं लेकराची भूक गेली, गाठी होत्या तशाच राहिल्या. नंतर परभणीच्या बालरोगतज्ज्ञांनी सुईची तपासणी केली, तिच्यात टीबी निघाला नाही आणि त्यांनी औषध बंद केलं.

खालच्या दुधाच्या दाढा चौथ्या वर्षीच हलून पडल्या. ताई ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून देते, तो पुढच्या दातांनी उंदरासारखं कुरतडत खातो. रात्री घोरतो. अलीकडं वरचे गालही भरलेत आणि समोर बघताना बुबुळाच्या खाली पांढरं दिसतं, त्यामुळं लेकरू सारखं वर बघायलंय असं वाटतं.

नांदेडला जबड्याचा मोठा एक्स-रे काढला, ओपीजी. हनुवटी पट्टीवर टेकवायची, प्लॅस्टिकचा छोटा दांडा पुढच्या दातांत धरायचा आणि यंत्र डोक्याभोवती फिरेपर्यंत हलायचं नाही. पहिल्यांदा यंत्र फिरताना बघायला त्यानं मान वळवली, फिल्म वाया गेली. दुसऱ्यांदा मी समोर उभा राहून बोटं मोजून दाखवली, तेव्हा स्थिर राहिला. फिल्म उजेडाला धरली तर खालच्या जबड्याचे दोन्ही कोपरे आणि कानाकडं जाणारा भाग काळ्या कप्प्यांनी भरलेला. पक्क्या दाढांचे कोंब वाटेल तिथं ढकललेले, एक तर अगदी खालच्या कडेला आडवा पडलेला.

तिथल्या एका सर्जननी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये ‘जायंट सेल ग्रॅन्युलोमा’ आलं. त्यावर ते म्हणाले, ही जबड्याची गाठ आहे, दोन्हीकडचा भाग काढून पायाचं हाड बसवावं लागेल, जितकं लवकर तितकं बरं. ताई तिथंच भिंतीला टेकली. बाहेर आल्यावर एका तरुण दंतवैद्यानं फिल्म बघून सांगितलं, हा चेरुबिझम असू शकतो, ऑपरेशनची घाई करू नका, आधी घरात कुणाला होतं का ते विचारा.

घरातलं असं. ताई आमच्या सख्ख्या आत्याच्या घरी दिली आहे, दाजी म्हणजे आमचे आतेभाऊच. विचारल्यावर आत्या म्हणाली, ‘याचेबी गाल लहानपणी असेच होते की, मिसरूड फुटल्यावर हळूहळू वसरले.’ दाजींना खालच्या मागच्या दाढा कधी आल्याच नाहीत. हे इतकी वर्षं कुणी बोललं नव्हतं. उलट भावकीत सगळे ताईलाच बोल लावत होते की गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली.

माझं विचारणं असं आहे. हे पक्कं कसं करायचं, कुठल्या तपासण्या लागतील? ऑपरेशन करायचं की थांबायचं? नात्यात लग्न केल्यामुळं हे झालं का? आणि माझी स्वतःची मुलगी दोन वर्षांची आहे, आत्याकडूनच हे आलं असेल तर तिलाही धोका आहे का?


दाढ_आणि_फिल्म (संभाजीनगर)

गुरुजी, मी दंतवैद्यक महाविद्यालयात तोंडाच्या आजारांचं निदान आणि एक्स-रे हाच विषय शिकवते. लेकराला बघितल्याशिवाय शेवटचा शब्द मी देणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात निदानाचा मोठा भाग आलेला आहे, तो तुम्हाला नीट दिसावा म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट: जबडा कापून काढण्याची तारीख घेतली असेल तर ती आजच थांबवा. या आजारात नाव बरोबर ठेवलं की लेकराच्या वाट्याला येणारे बरेच उपचार टळतात. टीबीची औषधं त्यातलीच, आणि हे ऑपरेशनही बहुधा त्यातलंच.

चेरुबिझम पहिल्यांदा १९३३ साली जोन्स नावाच्या डॉक्टरांनी एकाच घरातल्या तीन भावंडांमध्ये नोंदवला. म्हणजे घराण्यात चालतो ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. लेकरू जन्मतं तेव्हा चेहरा व्यवस्थित असतो. साधारण दोन ते सात वर्षांच्या दरम्यान दोन्ही बाजूंचा खालचा जबडा, कोपऱ्यापासून कानाच्या दिशेनं, न दुखता भरू लागतो. काहींचा वरचा जबडाही भरतो. वरच्या जबड्याचं हाड आणि डोळ्याच्या खोबणीचा तळ वर रेटला गेला की डोळा थोडा वर ढकलला जातो आणि बुबुळाखाली पांढरं दिसतं. जबड्याखालच्या गाठी या आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत खूप मुलांना असतात आणि पुढे आपोआप कमी होतात. आपल्या भागात मानेतली गाठ दिसली की पहिला विचार टीबीचा येतो, ते मी समजू शकते. पण गाठीबरोबर दोन्ही जबडे टणक आणि रुंद असतील तर हात आधी हाडावर जायला हवा.

फिल्ममध्ये मी काय बघते ते सांगते. एक, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. जबड्यात कप्पेकप्पे करणारे दुसरे आजार आहेत, अमेलोब्लास्टोमा किंवा केराटोसिस्टसारखे, पण ते या वयात असे दोन्हीकडं आरशात बघितल्यासारखे सहसा येत नाहीत. दोन, कानापुढचं सांध्याचं टोक, ज्याच्यावर जबडा उघडतो आणि मिटतो, ते शाबूत आहे का. चेरुबिझममध्ये वरपर्यंत सगळं पोखरलं तरी ते टोक बहुतेक वेळा वाचतं. तीन, दातांचे कोंब. ते जागा सोडून तरंगल्यासारखे दिसतात, काही तयारच होत नाहीत. तुमच्या दाजींना दाढा आल्या नाहीत ही फार मोलाची माहिती आहे. त्यांचाही ओपीजी काढा. मोठ्या माणसात कप्पे भरून आलेले असतात, तरी जबड्याच्या आतली ठेवण आणि हाडात अडकलेल्या दाढा जुनी कहाणी सांगतात. बाप आणि लेक, दोघांच्या फिल्म शेजारी शेजारी ठेवल्या की पुष्कळ वेळा चर्चाच संपते.

आता बायोप्सी. तुमच्या रिपोर्टमध्ये जे लिहिलंय ते खोटं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली चेरुबिझम, साधा जायंट सेल ग्रॅन्युलोमा आणि पॅराथायरॉइड या गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीच्या बिघाडानं हाडात होणारी गाठ, तिन्ही जवळपास एकसारखी दिसतात. बारीक रक्तवाहिन्यांभोवती गुलाबी कडं दिसलं तर मत चेरुबिझमकडं झुकतं, पण ते नेहमी दिसतंच असं नाही. म्हणून एकट्या बायोप्सीवरून ऑपरेशन ठरवणं चूक आहे. पॅथॉलॉजिस्टना लेकराचं वय, दोन्ही बाजूंची सूज आणि बापाचा इतिहास सांगितलेला असतो का, हा खरा प्रश्न. काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, ते तुम्हाला मिळतात. दुसऱ्या मतासाठी पुन्हा तुकडा काढायची गरज पडणार नाही.

रक्ताची तपासणी मात्र करायचीच: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पॅराथायरॉइड हार्मोन आणि ड जीवनसत्त्व. पॅराथायरॉइडचा आजार असेल तर कॅल्शियम वाढलेलं आणि हार्मोनही वाढलेला सापडतो. चेरुबिझममध्ये कॅल्शियम आणि हार्मोन सहसा ठीक असतात. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढत्या वयाच्या मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्तच असतं, त्या आकड्याला लाल खूण दिसली म्हणून घाबरू नका. आणखी एक, ड जीवनसत्त्व कमी असलं की पॅराथायरॉइड हार्मोन थोडा चढतो. आमच्याकडं येणाऱ्या मुलांमध्ये हे वारंवार दिसतं. तेवढ्यावरून ग्रंथीत गाठ आहे असं कुणी म्हटलं तर ड जीवनसत्त्व भरून पुन्हा तपासायला सांगा.

आणि लेकराला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघून घ्यायला हवं. अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे मोठे डाग आहेत का? उंची वयाला फारच कमी आहे का, पापणी लोंबते का, मान रुंद आहे का, हृदयात फुसफुस ऐकू येते का? न्यूनन नावाच्या आजारातही जबड्यात अशाच गाठी होतात, तिथं हृदयाची २डी इको लागते. हिरड्या भयंकर वाढलेल्या आणि फिट येत असतील तर रॅमन सिंड्रोमचा विचार होतो. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही, पण बालरोगतज्ज्ञांनी हे कागदावर ‘नाही’ म्हणून लिहिलेलं बरं.

उपचाराचं थोडक्यात. हा आजार वयात येईपर्यंत वाढतो, मग थांबतो, मग पोखरलेली जागा हळूहळू हाडानं भरते. तिशीपर्यंत बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावरून ओळखूही येत नाही. म्हणून शक्य तितकं थांबायचं, आणि चेहऱ्याला आकार द्यायचं ऑपरेशन लागलंच तर ते वाढ थांबल्यावर. डोळ्याची नस दबत असेल, श्वास अडत असेल, गिळता येत नसेल, तर मात्र आधी हात घालावा लागतो. रेडिएशन कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. वाढत्या हाडाचं नुकसान होतं आणि पुढं कॅन्सरचा धोका राहतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं याच महिन्यात जा. नजर, रंग ओळखणं आणि आतली नस, तिन्ही तपासायला सांगा. घोरण्याबद्दल कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. टाळूची कमान अरुंद झाली की जिभेला जागा उरत नाही आणि झोपेत श्वास अडतो.


कृषीसेवा_उदगीर

मामा, मी ३६ वर्षांचा आहे, उदगीरला खत-बियाण्याचं दुकान चालवतो. मला हाच आजार होता. तेव्हा त्याला नाव कुणी दिलं नाही, लातूरच्या डेंटल कॉलेजात एका मॅडमनी पंचविसाव्या वर्षी दिलं, मी कवळी बसवायला गेलो होतो तेव्हा.

माझे गाल सातवी-आठवीत सगळ्यात जास्त होते. वर्गात मागच्या बाकावर बसायचो, फोटोच्या दिवशी शाळेला जायचोच नाही. अकरावीनंतर कमी व्हायला लागले. लग्न बघायला पाहुणे आले तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता जबडा थोडा रुंद आहे, बस. दुकानात येणारे शेतकरी मला ‘पाटील चेहरा’ म्हणतात.

पण दातांचं नुकसान राहिलं, ते आधी कळलं असतं तर टळलं असतं असं मॅडम म्हणाल्या. हाडात अडकलेल्या दाढा, वाकडे आलेले दात, मी कुणाला दाखवलेच नाहीत. म्हणून सांगतो, गालांची चिंता कमी करा, दातांकडं जास्त लक्ष द्या. एक दुधाचा दात पडला की त्या जागेचं काय करायचं हे तेव्हाच विचारा.

अजून एक. माझी आजी मला दिवसातून कितीदा तरी गाल दाबून बघायची, कमी झाले का म्हणून. प्रेमानंच करायची. पण मला आरसा नकोसा झाला होता. भाच्याला सारखं चाचपू नका. घरातल्या सगळ्यांना सांगा.


गुणसूत्र_हैदराबाद

मामा, मी मूळचा परभणीचा, सध्या हैदराबादला आनुवंशिक आजारांवर काम करतो. मॅडमनी चेहरा आणि फिल्म सांगितली, मी रक्तातलं सांगतो.

या आजाराचं जनुक २००१ साली सापडलं. नाव एसएच३बीपी२, जागा चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ. या जनुकापासून बनणारं प्रथिन काम झालं की पेशी मोडून टाकते. ठरावीक जागी बदल झाला की ते मोडलं जात नाही, साचत राहतं, आणि हाड कुरतडणाऱ्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. बहुतेक रुग्णांत हा बदल जनुकाच्या नवव्या तुकड्यात, अगदी शेजारशेजारच्या सहा अमिनो आम्लांत असतो. त्यामुळं निदान जवळपास पक्कं असेल तर आधी एवढाच तुकडा वाचून घेता येतो, सगळ्या जनुकांची मोठी तपासणी लगेच लागत नाही. चेरुबिझमची लक्षणं असलेल्या सुमारे ८० टक्के लोकांत बदल सापडतो. नाही सापडला म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही, तिथं फिल्म आणि घराण्याचा इतिहासच धरायचा.

आता तुमचे दोन प्रश्न.

नात्यातल्या लग्नाचा इथं संबंध नाही. जिथं आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, तिथं नात्यातल्या लग्नानं धोका वाढतो. चेरुबिझमला एकाच पालकाची एक प्रत पुरते. दाजींमध्ये बदल असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मग बायको नात्यातली असो की परक्या घरची. ग्रहण, विळी, खाणंपिणं, यातलं काही कारण नाही. हे भावकीत मोठ्यानं सांगा, आणि दाजींनी सांगितलं तर जास्त चांगलं. ते सांगतानाही दाजींवर खापर फुटू देऊ नका. कुणी निवडून दिलेली गोष्ट नाही ही.

तुमच्या मुलीबद्दल. इथं क्रम महत्त्वाचा. आधी भाच्याची तपासणी. त्याच्यात बदल सापडला तर दाजींची, फक्त त्याच एका जागेपुरती. दाजींमध्ये सापडला तर आत्यांची. आत्यांचे गाल कधी फुगले नव्हते म्हणून त्यांना वगळू नका. बदल असूनही चेहऱ्यावर काहीच न दिसणारी माणसं असतात, आणि जुन्या पुस्तकांत हे बायकांमध्ये जास्त नोंदवलंय. आत्यांमध्ये बदल निघाला तरच तुमच्या वडिलांचा आणि तुमचा प्रश्न येतो. नाही निघाला तर तो दाजींना त्यांच्या वडिलांकडून आला असेल किंवा त्यांच्यातच नव्यानं झाला असेल, आणि तुमची शाखा मोकळी. मुलीचं रक्त आत्ता काढायची गरज नाही.

हैदराबादला निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये आनुवंशिक आजारांचा विभाग आहे, आणि डीएनए तपासणीची सीडीएफडी ही केंद्र सरकारची संस्था आहे. मुंबईला केईएम. तुमच्याकडून हैदराबादला रेल्वेनं येता येतं. येताना ओपीजी, बायोप्सीच्या स्लाइड, रक्ताचे रिपोर्ट आणि दाजींचे लहानपणीचे फोटो आणा. फोटो विसरू नका, शाळेतला ग्रुप फोटोही चालतो.


गोदाकाठ

सगळे थांबा म्हणतायत, पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. माझ्या चुलत्यांच्या जबड्याची गाठ अशीच ‘बघू, बघू’ म्हणत राहिली आणि शेवटी कॅन्सर निघाला. लेकराच्या बाबतीत थांबून हातातून वेळ गेली तर? सर्जन काही उगाच सांगत नसतील.


दाढ_आणि_फिल्म (संभाजीनगर)

तुमची काळजी रास्त आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवं. थांबणं म्हणजे घरी बसणं नव्हे. वर्षातून एकदा तरी तपासणी, ओपीजी आणि समोरून-बाजूनं काढलेले फोटो, दरवेळी त्याच अंतरावरून, त्याच उजेडात. फोटोची तुलना डोळ्यापेक्षा प्रामाणिक असते, रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही.

आणि अमुक झालं तर थांबायचं नाही, हे मी पालकांना कागदावर लिहून देते. एकच बाजू झपाट्यानं वाढली, दुखायला लागलं, ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, वरची त्वचा किंवा हिरडी फुटली, नजर कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं. चेरुबिझम न दुखता, दोन्हीकडं आणि सावकाश वाढतो. त्या चालीपेक्षा वेगळं काही दिसलं तर आम्ही निदान पुन्हा पहिल्यापासून तपासतो. तुमच्या चुलत्यांचं वय आणि आजार वेगळा होता. पाच वर्षांच्या मुलाचा दोन्हीकडचा जबडा काढला तर त्याची वाढ, चावणं आणि चेहरा कायमचा जातो, तेही ज्या आजाराला स्वतःहून मंदावायचं असतं त्याच्यासाठी. शिवाय वाढीच्या काळात खरवडलं तर पुन्हा भरण्याची शक्यता असतेच.

हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालणारी काही औषधं थोड्या रुग्णांवर वापरून बघितली गेली आहेत. त्यातल्या डेनोसुमॅबसारखं औषध मुलांमध्ये बंद केल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम चढू शकतं. म्हणून ते फक्त मोठ्या केंद्रात, फारच आक्रमक आजारात. कुणी तालुक्याच्या ठिकाणी इंजेक्शन सुचवलं तर घेऊ नका.


अंगणवाडी_ताई_सेनगाव

सर, एक सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येते, १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात. भाच्याचं नाव त्यांच्या रजिस्टरला घाला. तिथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली की पुढच्या मोठ्या दवाखान्यात दारोदार फिरावं लागत नाही. आमच्या अंगणवाडीतल्या टाळू फाटलेल्या लेकराचं असंच झालं. चिठ्ठीवर आजाराचं नाव डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, नुसतं ‘गालाला सूज’ लिहिलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.


मामा_वसमत

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगायलोय, म्हणजे पुढं कुणी हे शोधत आलं तर त्याला उपयोग होईल.

ऑपरेशनला नाही कळवलं. दाजींचा ओपीजी काढला. खालच्या जबड्यात दोन्हीकडं एकेक दाढ हाडातच अडकलेली, आणि जबड्याचे कोपरे भाच्याच्याच घडणीचे. संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दोन्ही फिल्म एकाच दिव्याच्या पेटीवर लावल्या तेव्हा तिथं शिकणारी मुलंमुली गोळा झाली. दाजी आतापर्यंत गप्प गप्प असायचे. तिथं ते त्या मुलांना स्वतः बोटानं दाखवायला लागले की माझी ही दाढ आलीच नाही, लेकराची हीच जागा बघा.

कॅल्शियम आणि हार्मोन ठीक आहेत, ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं, त्याचं औषध चालू आहे. इको नॉर्मल. डोळ्याची नस ठीक, नजर ठीक, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. घोरण्यासाठी नाकामागची वाढलेली गाठ बघितली, तिच्यावर सध्या नाकातला स्प्रे दिलाय.

रक्ताचा रिपोर्ट हैदराबादहून आला. भाच्यात बदल सापडला, त्याच नवव्या तुकड्यात, ४१८व्या जागी. दाजींमध्ये तोच. आत्यामध्ये नाही. आत्याचे मालक वारलेत, त्यामुळं त्यांच्याकडून आला की दाजींमध्येच नव्यानं झाला हे आता कळणार नाही. माझ्या मुलीचा प्रश्न मिटला. पण खरं सांगू का, रिपोर्ट वाचून दाखवल्यावर आत्यानं ताईला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘तुला लई बोलले गं सगळे, मीबी गप बसले.’ ताई बरीच रडली. मला वाटतं त्या तपासणीचा निम्मा उपयोग तिथंच झाला.

आता एक शेवटचं विचारायचं आहे. जूनमध्ये तो पहिलीला जाईल, माझ्याच शाळेत. खाण्याचं आणि दातांचं रोजचं काय सांभाळायचं? आणि वर्गातल्या पोरांना काय सांगू?


दाढ_आणि_फिल्म (संभाजीनगर)

फार बरं वाटलं वाचून. ४१८व्या जागेचा बदल या आजारात वारंवार सापडतो, त्यामुळं निदान पक्कं समजा. फाइलच्या पहिल्याच पानावर आजाराचं नाव आणि ‘जनुक तपासणीनं सिद्ध’ असं ठळक लिहून ठेवा. पुढं कुठल्याही दवाखान्यात ते पान आधी दाखवायचं.

खाण्यात कडक टाळा, बाकी सगळं चालेल. मऊ भाकरी, वरण, अंडं, भिजवलेल्या शेंगदाण्याचं कूट. चिकट गोड नको, कारण जे दात आहेत ते किडले तर फार महागात पडतं. फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी, दोन वेळा, आणि ब्रश मोठ्या माणसानं करून द्यायचा. दर तीन-चार महिन्यांनी बालदंतवैद्याकडं. दुधाचा दात हलला की घरी ओढायचा नाही, आधी फिल्म बघू. सहाव्या वर्षीच्या पक्क्या दाढांची वाट आपण एकत्र बघू, आल्या तर त्या जपायच्या, नाही आल्या तर जागा धरणारी पट्टी बसवता येते. मैदानावर खेळू द्या. पोखरलेल्या जबड्यावर जोराचा मार बसू नये एवढंच, म्हणून कबड्डी सध्या नको, लंगडी-खो-खो चालेल.

वर्गातल्या मुलांचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी एका पालकांना सांगितलं होतं ते लिहिते: ‘याच्या जबड्याचं हाड लवकर वाढतंय, दुखत नाही, दुसऱ्याला होत नाही, मोठा झाला की कमी होईल.’ पहिलीतल्या मुलांना एवढं पुरतं. त्यालाही हेच वाक्य पाठ असू द्या, म्हणजे कुणी विचारलं तर त्याचं तो सांगेल. उदगीरच्या भाऊंनी फोटोच्या दिवसाचं लिहिलंय ते लक्षात ठेवा आणि त्याला पुढच्या रांगेत उभं करा.

पुढचा ओपीजी साधारण वर्षानं. मधे काही वेगळं दिसलं तर इथंच लिहा.